भोंगा संपेपर्यंत

यंदा थंडी पडली तेव्हा गोधड्या कुठल्या ट्रंकेत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पन्नासाला दोन कमी एवढी वर्षं संसार झाला, आणि गोधडी दर वर्षी आपोआप अंगावर यायची. मार्गशीर्ष लागला की एका संध्याकाळी ती पलंगावर घडी करून ठेवलेली असायची, बस्स. ठेवणारी श्रावणात गेली. मग मी तिन्ही ट्रंका उपसल्या. गोधड्या मधल्या ट्रंकेत निघाल्या, घड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला वाळून चुरा झालेला. तळाशी एक लाल स्वेटर होता, लहान मुलीच्या मापाचा, गळा कात्रीनं कापून आत मऊ धोतराची पट्टी लावलेला.

तो हातात घेतला आणि मी तसाच फरशीवर बसलो. गुडघे दुखतात, उठायला त्रास होतो, तरी बसलो.

आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात अजून बरी थंडी पडते. सकाळी नदीकडून धुकं येतं, भाजीवाल्या वालाच्या शेंगा घेऊन बसतात, कुठं तरी मडक्यात शेंगांची पोपटी लागल्याचा वास येतो. पण माझ्या नाकात थंडी म्हणजे अंबरनाथची. एमआयडीसीत थंडीला कंपन्यांचा धूर वर जात नसे, माणसाच्या उंचीवर तरंगत राही. रिक्षातून उतरलं की पहिल्या श्वासाला घसा खवखवायचा. त्या वासात मी वीसेक वर्षं फिटर म्हणून काढली. तो वास आता आला तर मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटेल.

स्वेटर शालूचा. शालू माझी एकुलती एक पोरगी. लोकर मानेला लागली की ती किंचाळायची. उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दुकानदारानं गळ्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "भाभी, एकदम मुलायम है, बच्ची को पता भी नहीं चलेगा." बच्चीला पहिल्या मिनिटाला पता चललं. तिनं भर रस्त्यात स्वेटर काढून फेकला. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्वेटर उचलला, झटकला, घरी येऊन गळा कापला आणि माझ्या जुन्या धोतराची पट्टी शिवली. शालूनं तो तीन थंड्या घातला. आमच्या दोघांमधला फरक एवढाच आणि एवढा होता. पोरगी रडली की मी पोरीला मारायचो, ती स्वेटर कापायची.

शालू काय आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळात अंबरनाथला कोण सांगणार? शेजारी म्हणायचे येडी आहे, माझी बहीण म्हणायची बाहेरचं काहीतरी आहे, शाळेतल्या बाई म्हणायच्या, "लक्ष नसतं हो तिचं." ती डोळ्याला डोळा देत नसे. हातातलं झाकण तासभर फिरवत बसे. स्वतःचं असं वाक्य बोलत नसे, पण दुसऱ्याचं वाक्य ऐकलं की ते जसंच्या तसं, आवाजासकट ठेवून घेई आणि भलत्या दिवशी बाहेर काढी. घरी पाहुणे आले की मी म्हणायचो, "शालू, आत जा." लाज वाटायची मला. पुढं पुढं मला म्हणावंही लागेना. दाराची कडी वाजली की ती स्वतःच, माझ्याच जाड आवाजात म्हणायची, "शालू, आत जा." आणि आत जायची.

पाहुणे हसायचे. मीही हसायचो. सुमन नाही हसायची.

ती अठ्ठ्याऐंशीची थंडी, शालू बारा वर्षांची. आमच्या कंपनीत दर थंडीला नाटक बसायचं, कामगारांच्या स्पर्धेसाठी. बसवायचे दळवीसाहेब. टाइम ऑफिसमधला कारकून माणूस, पण आम्ही साहेबच म्हणायचो. आयुष्यभर दुसऱ्यांचे लेट मार्क लावून त्यांना घड्याळाची सवय जडली होती. पहिली पाळी सुटली की कँटीनच्या शेडमध्ये बाकं बाजूला सारायची, आणि बरोबर पावणेपाचला अख्खं नाटक पहिल्यापासून सुरू. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. माझ्याकडं नेपथ्य आणि पडदा. म्हणजे खिळे ठोकायचे आणि दोरी ओढायची. बोलायचं काम आपल्याला जमत नाही. सुमन चहा करायला यायची, आणि शालूला घरी कुठं ठेवणार म्हणून तीही यायची. कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांवर बसून झाकण फिरवायची.

शेडच्याच छपरावर भोंगा होता. साडेपाचला जनरल शिफ्ट सुटली की तो वाजायचा. अर्धं मिनिट वाजायचा, पत्रे थरथरायचे, कपातल्या चहावर गोल गोल लाटा यायच्या. तेवढा वेळ नट असतील तिथं थांबायचे आणि भोंगा संपला की पुढचं वाक्य. रोज पावणेपाचला सुरुवात असल्यामुळं भोंगा रोज एकाच वाक्यापाशी यायचा. पहिले दोन दिवस शालूनं भोंग्याला असा आकांत केला की मी म्हटलं उद्यापासून आणू नकोस हिला. सुमननं तिला समोर बसवलं, कानावर हात ठेवले आणि म्हणाली, "वर बघायचं आणि तीस मोजायचे. तीस झाले की भोंगा संपतो. बघ तू." तीस झाले, भोंगा संपला. शालूचा विश्वास बसला. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला ती मान वर करून ओठ हलवत बसायची, अगदी शांत. जगात एक तरी गोष्ट सांगितल्याप्रमाणं होते याचा तिला केवढा आनंद व्हायचा, ते तिच्या तोंडावर दिसायचं. मी तेव्हा पाहिलं नाही. आता आठवताना दिसतं.

एके दिवशी आमचा मशिन शॉपचा तुकाराम नाटकात म्हाताऱ्याचं काम करताना वाक्य विसरला. छपराकडं बघत उभा. आणि पोत्यांवरून आवाज आला, तुकारामचाच, घोगरा, मध्ये खोकला होता तो खोकलासुद्धा: "सूनबाई, या घरात अजून मी जिवंत आहे."

सगळे पोट धरून हसले. "गणपत, पोरगी आहे का टेपरेकॉर्डर रे?"

"बॅटरी कुठं घातलीस बघू दे."

दळवीसाहेब हसले नाहीत. त्यांनी शालूसमोर उकिडवं बसून तुकारामचं आधीचं वाक्य टाकलं. तिनं पुढचं दिलं. मग पुढचं. बायकोचं, पोस्टमनचं, सगळ्यांचं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, झाकणाकडं बघत होती, आणि सगळं नाटक तिच्या तोंडातून येत होतं.

नाटकात एक छोटी मुलगी होती, कुसुम. तिचा बाप दूर कुठं कामाला गेलेला, आणि शेवटी ती त्याचं पत्र वाचून दाखवते. ते काम सुपरवायझरच्या मुलीकडं होतं. स्पर्धेला पंधरा दिवस असताना तिला कांजिण्या आल्या.

दळवीसाहेब मला म्हणाले, "गणपत, शालूला दे."

मी म्हटलं, "साहेब, लोक हसतील."

सुमन कपबशा विसळत होती. तिथूनच म्हणाली, "हसू देत. आत्ता काय रडतात का?"

मग ते पंधरा दिवस आले. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, आणि मी ते धास्तीत घालवले. शालूला कुठं उभं राहायचं ते साहेबांनी खडूनं आखून दिलं. त्या खडूच्या चौकोनात ती पाय जुळवून उभी राहिली की वेगळीच पोर वाटायची. खांदे सरळ. हात एका जागी. घरी जिला कुणी काय विचारलं की काय उत्तर द्यावं कळत नसे, तिला इथं प्रत्येकाच्या बोलण्यापुढं काय बोलायचं ते लिहूनच दिलेलं होतं. तुकाराम तिला "काय कुसुमताई, जेवलात का?" म्हणून चिडवायचा आणि ती त्याला नाटकातलंच वाक्य फेकून मारायची, "आजोबा, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?" अख्खी शेड हसायची. पण ते हसणं वेगळं होतं. त्या हसण्यात ती होती.

घरी तर चमत्कारच झाला. एका रविवारी माझा मेव्हणा आला. कडी वाजली. मी वाट बघतोय आता म्हणेल, शालू आत जा. ती दाराशी गेली आणि म्हणाली, "या, बसा. चहा टाकते." नाटकातल्या आईचं वाक्य, तिच्याच आवाजात. मेव्हण्याची पिशवी हातातून सुटली. सुमन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी मेव्हण्याला म्हटलं, "पाठ केलंय, बाकी काय." एवढंच सुचलं मला बोलायला.

स्पर्धा कॅम्पातल्या एका थिएटरात, सकाळी अकराला. सुमन तिसऱ्या रांगेत. मी विंगेत, दोरी धरून. नाटक रंगलं. कधी नव्हे ते सगळ्यांची वाक्यं लागली. शेवटी शालू पत्र घेऊन पुढं आली, चौकोनात उभी राहिली आणि वाचायला लागली. म्हणजे वाचत कसली, पाठच होतं. "कुसुम, इकडं थंडी फार आहे. तुझ्या आईनं दिलेली गोधडी मी अर्धी अंथरतो, अर्धी पांघरतो." समोर चिडीचूप. "पोरी, मी येतोच आहे."

आणि ती थांबली. मान वर केली. ओठ हलायला लागले.

मला वाटलं, विसरली. दोन, चार, सहा श्वास. मागून कुणीतरी खोकलं. कुणीतरी शिट्टी मारली. "अरे, पोस्टमनला बोलवा!" कुणी ओरडलं आणि हशा झाला. मला ते हसणं सहन झालं नाही. तिच्यासाठी नाही, आता लिहितोय तर खरं लिहितो. मला माझी लाज वाटली. समोर शेठ लोक, आमचा मॅनेजर, आणि ही माझी पोरगी छपराकडं बघत पुटपुटतेय. मी दोरी सोडली.

पडदा पडला.

थोडा वेळ गेला. बाहेर गलका चालू होता. आणि बंद पडद्याच्या आत, त्याच चौकोनात, शालूनं मान खाली केली आणि पुढचं वाक्य म्हटलं. "तोवर दाराला कडी लावू नकोस." स्वच्छ आवाजात, समोर पडदा असताना, शेवटच्या शब्दापर्यंत सगळं पत्र वाचलं. घडी घातली. नमस्कार केला. पडद्याला.

दळवीसाहेब धावत विंगेत आले. "गणपत, पडदा का पाडलास?"

मी म्हटलं, "पोरगी विसरली, साहेब."

त्यांनी शालूकडं पाहिलं, ती अजून चौकोनातच उभी होती. मग माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी गेल्यावर सुमन शालूचा फ्रॉक उतरवता उतरवता म्हणाली, "ती भोंग्याला थांबली होती."

मी म्हटलं, "तिथं कुठला आला भोंगा?"

"तिला कुणी सांगितलं की तिथं भोंगा नसतो? रोज तिथंच थांबायचं असतं ना? मी खाली बसून तिच्याबरोबर मोजत होते. वीस झाले होते." फ्रॉकच्या हुकात तिचं बोट अडकलं होतं. "अहो, दहा राहिले होते."

"मला काय माहीत!"

"बारा वर्षं त्या भोंग्याखाली काम करताय."

तेच तर. बारा वर्षं ऐकून तो भोंगा मला ऐकूच येईनासा झाला होता. आमच्यातल्या कुणालाच येत नव्हता. नट थांबायचे, पुढं जायचे, पण आपण थांबतो हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. शालूला तेवढा तो ऐकू येत होता. तिनं नाटक होतं तसं केलं. आमच्यापैकी सगळ्यात बरोबर तिनंच केलं.

चूक माणसाच्या हातून होते. हात घाबरला, दोरी सुटली. त्याचं मला एवढं नाही. पण त्यानंतर महिनाभर कँटीनमध्ये मी ऐकत होतो, "येड्या पोरीला घेतलं की असंच व्हायचं," "हातातलं बक्षीस घालवलं पोरीनं." तुकारामसुद्धा म्हणाला. आणि मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. एक वाक्य बोलायचं होतं, पडदा मी पाडला. मी म्हटलं ना, बोलायचं काम आपल्याला जमत नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आलोय जन्मभर.

पुढं कडी वाजली की शालू काहीच म्हणत नसे. "या, बसा" नाही आणि "आत जा" पण नाही. नुसती आत जायची. तसं पाच-सहा वर्षं चाललं.

मग कंपनी बंद पडली. भोंगा एका शनिवारी वाजला आणि परत वाजला नाही. आम्ही बदलापूरला आलो, दळवीसाहेबही रिटायर होऊन इकडंच राहायला आलेले. त्यांनी एका शाळेच्या पडवीत मुलांची नाटकं बसवायला घेतली होती. एक दिवस घरी आले, माझ्याशी हवापाण्याचं बोलले आणि उठताना सुमनला म्हणाले, "वहिनी, मला पुस्तक धरणारं माणूस पाहिजे. पुस्तक न धरता." सुमननं त्याच संध्याकाळी शालूला नेलं.

मला विचारलं नाही. बरं केलं.

तिथं शालू पुन्हा बोलायला लागली. आधी मुलांना मागून वाक्यं द्यायची, मग स्वतः कामं करायला लागली, मग एकटी उभी राहून गोष्टी सांगायला लागली. गणपतीच्या मांडवात, शाळेच्या मैदानात, जयंतीच्या कार्यक्रमात. तिथं कुठं पडदा नसायचा. तिकडून ती वाक्यं आणायची आणि ती आमच्या घरात, बाजारात वापरायची. दूधवाल्याला राणीच्या आवाजात म्हणायची, "आज उशीर का झाला? कारण सांगा." तो बिचारा कारण सांगायचा. बँकेत स्वतः फॉर्म भरायला लागली. रिक्षावाल्याला पत्ता असा सांगते की त्याची भाव वाढवायची हिंमत होत नाही. शंभर माणसांसमोर हात न थरथरता उभी राहते, आणि एका माणसाच्या डोळ्याला अजून डोळा देत नाही. नव्वदचं दशक संपता संपता ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नाव सांगितलं. ऑटिझम. स्वमग्न. मी रिक्षात ते घोकत होतो, विसरायला नको म्हणून. सुमन म्हणाली, "नाव तुम्ही ठेवा पाठ. पोरगी मला पाठ आहे."

तिचे कार्यक्रम मी पाहिले नाहीत. सुमन विचारायची, "येताय का?" मी म्हणायचो गुडघा, म्हणायचो पाणी यायचंय. चार-पाच वर्षांनी तिनं विचारणं सोडलं. चपला घालायची, शालूची ओढणी सारखी करायची आणि दोघी जायच्या. मी घरात एकटा बसून पाणी भरायचो.

एकदाच गेलो होतो. मागून. शाळेच्या फाटकाबाहेर रसवाल्याच्या गाडीआड उभा राहिलो. लांबून शालू दिसत होती, उजवा हात वर, आणि मैदान गप्प. मला भीती वाटली की ही आता थांबेल. थांबली. मी तिथून पळालो. चार पावलं गेलो असेन तर मागं टाळ्यांचा पाऊस पडला. म्हणजे ते थांबणं गोष्टीतलंच होतं. घरी येऊन मी हंडा नळाखाली लावला आणि सुमनला कधीच सांगितलं नाही की मी आलो होतो. ती गेली ती हे धरून गेली, की नवऱ्यानं पोरीला एकदाही पाहिलं नाही. गळा कापलेला स्वेटर तिनं जपून ठेवला आणि मला हे एक वाक्य तिला देता आलं नाही. आता कुणाला देऊ? फोटोला सांगितलं होतं एकदा. फोटो ऐकत नाही, उगाच मनाची समजूत.

तर गोधड्या निघाल्या त्याच संध्याकाळची गोष्ट. थंडी पडली की शालू कुसुमचं ते पत्र काढते. अजून. तालमींचे दिवस आले की साडेपाचच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहते, सुमन पलंगाच्या कडेला बसायची, पत्र व्हायचं, मग चहा. एवढी वर्षं मी त्या वेळेला खाली कट्ट्यावर जाऊन बसायचो. त्या दिवशी शालू उंबऱ्यात आली, पाय जुळवले, आणि पलंगाकडं बघत राहिली. मग माझ्या चपलांकडं बघत म्हणाली, "तिथं आईची जागा आहे. तुम्ही बसा."

माझी पोरगी पंचेचाळीस पार झाली आहे. केस पांढरे व्हायला लागलेत, सुमनचे झाले होते तसेच, कानाजवळून आधी. मी बसलो.

"कुसुम, इकडं थंडी फार आहे." आवाज तोच, बारा वर्षांच्या पोरीचा. गोधडी अर्धी अंथरली, अर्धी पांघरली. "पोरी, मी येतोच आहे."

मान वर झाली. ओठ हलायला लागले. भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली, शेडच्या जागी आता भलतंच काही आहे, आणि इथं हेंद्रेपाड्यात दुसऱ्या मजल्यावर तो वाजत होता. मी म्हटलं, "शालू, त्या दिवशी ना, पडदा मी—"

"बोलू नका," ती वरच बघत म्हणाली. "भोंगा होतोय."

मी मोजायला लागलो. पंधरा. अठरा. वीस आले तेव्हा माझा उजवा हात आपोआप आवळला, दोरी असल्यासारखा. मी तो डाव्या हातानं धरून मांडीवर दाबला. पंचवीस. खाली कुणाची तरी रिक्षा लागत होती. फार मोठं असतं अर्धं मिनिट. सुमन दर थंडीला इथं बसून हे मोजायची. एकोणतीस. तीस.

"तोवर दाराला कडी लावू नकोस."

शेवटपर्यंत वाचलं तिनं. हवेतल्या कागदाची घडी घातली, नमस्कार केला. मग म्हणाली, "आता बोला. काय म्हणत होतात?"

"त्या दिवशी तू विसरली नव्हतीस. पडदा मी आधी पाडला. आणि सगळ्यांना तू विसरलीस असं म्हणू दिलं."

"माहितीये," ती म्हणाली. "पडदा पत्र संपल्यावर पाडायचा असतो."

"माझं चुकलं."

"हो."

ती चहा टाकायला वळली. दोन कप काढले, तिसऱ्याकडं हात गेला, तो तिथंच थोडा वेळ राहिला, परत आला. पाठमोरीच म्हणाली, "उद्या साडेपाचला परत आहे. आणि मध्ये बोलायचं नाही."